पाच कोंबड्या, चार वाफे: प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

पिल्लं आली. आठ. एका दिवसाची आहेत, हातात घेतलं तर वजन असं काही लागतच नाही, नुसती ऊब आणि धडधड. देणाऱ्याने अगदी शपथेवर सांगितलंय की सगळ्या माद्याच आहेत, बघू. मरेक्सची (कोंबड्यांचा एक विषाणूचा आजार) लस टोचून आलीत (ती पहिल्याच दिवशी टोचतात), बाकीच्या लसींचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, मानमोडीची (म्हणजे राणीखेत) पहिली आठवड्याभरात डोळ्यात थेंब टाकून.

तात्पुरतं घर म्हणजे मोठा पुठ्ठ्याचा खोका, खाली सुताराच्या रंध्यातून निघालेल्या साली, वर बल्ब. पहिला आठवडा ३५ डिग्री आणि मग दर आठवड्याला ३ डिग्री कमी करत जायचं असं वाचलं होतं म्हणून मी थर्मामीटर लावून बसलो, तर आई म्हणाली, अरे काच काय बघत बसलायस, पिल्लं बघ की. बल्बखाली गठ्ठा करून बसली म्हणजे गारठलीत, कडेला पळून चोच उघडी टाकली म्हणजे भाजतायत, पसरून लोळतायत म्हणजे बरोबर. आई लहानपणी कोंबड्यांतच वाढलीय, आणि हे मला पुढे बरंच ऐकायला लागणार आहे असं दिसतंय.

प्रत्येकाची चोच पाण्यात एकदा बुडवून दाखवली. आठवं पिल्लू दोनदा निसटलं.

रात्री जेवताना घरात ठराव पास: पहिलं अंडं मिळालं की त्या दिवसापासून अंडी विकत आणायची नाहीत, आणि भाजी वाफ्यात जी असेल ती आधी संपवायची. लेकीने कॅलेंडरवर लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी सही केली, तेव्हा फार विचार केला नव्हता.

८ फेब्रुवारी

एकाच्या शेपटीखाली शी वाळून घट्ट बसलेली, वाटच बंद. कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू सोडवलं, ओढायचं नाही, ओढलं तर कातडी निघते. पाचदहा मिनिटं गेली त्यात. पुसून बल्बखाली ठेवल्यावर लगेच खायला लागलं. प्रवासात गारठलं की असं होतं म्हणे.

२६ फेब्रुवारी

पंखांना खरी पिसं आली. खोका पुरत नाहीये, दोघं कडेवर चढून बसतात आणि आमच्याकडे बघतात. पाणी सांडून साली ओल्या होतात, भांडं विटेवर ठेवलं, आता जरा कमी.

१४ मार्च

खुराडं झालं एकदाचं. तीन रविवार गेले. आत दर पक्ष्याला चार चौरस फूट, बाहेर जाळीत फिरायला दहा, असा हिशोब धरला.

सगळ्यात जास्त वाद जाळीवरून झाला. मी ती षटकोनी भोकांची हलकी जाळी आणणार होतो, स्वस्त आणि वाकवायला सोपी. पण ती जाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्याने दातात धरून ओढली की उसवत जाते आणि उंदीर तर भोकातूनच येतो. शेवटी अर्धा इंची वेल्डमेश घेतली आणि नुसती खाली टेकवली नाही तर जमिनीवरून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीला चिकटूनच उकरायला लागतं, जाळी लागली की तिथेच अडून बसतं, दीड फूट मागे जाऊन सुरुवात करायचं डोकं त्याला नसतं.

बसायला आडवी दांडी, दोन इंची पट्टी, रुंद बाजू वर. थंडीत पायाची बोटं पिसांखाली झाकून बसता आलं पाहिजे. अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खाली, नाहीतर सगळ्यात उंच जागा म्हणून त्यातच झोपतात आणि घाण करतात. वर, छपराला लागून, हवेला फटी ठेवल्या. आईला फटी पटल्या नाहीत, गारवा लागेल म्हणते, पण कोंबडी थंडी सहन करते, ओल आणि शीचा वास सहन होत नाही तिला.

खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. गोणी उघडी ठेवली होती तर दुसऱ्याच दिवशी उंदरांची लेंडी.

२४ मार्च

वाईट आठवडा. सोमवारी एक पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात उभं, डोळे मिटलेले, मला वाटलं झोप आली असेल. मंगळवारी शीत रक्त. डॉक्टरांना फोटो पाठवला, बघताक्षणी कॉक्सिडिओसिस म्हणाले (आतड्यातल्या परजीवींचा आजार), पाण्यात त्यावरचं औषध ॲम्प्रोलियम चालू केलं सगळ्यांना, पण ते एक बुधवारी सकाळी गेलं. सात उरली.

चूक माझी आहे, लिहून ठेवतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचं अंथरूण चार दिवस ओलं होतं आणि मी वरून कोरड्या साली टाकून झाकत होतो. ओल आणि ऊब मिळाली की त्या जंतूची अंडी तयार होतात, पिल्लं तिथेच टोचत बसतात. वरून टाकायचं नाही, ओलं काढून बाहेर फेकायचं. लेकीने त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मला काही बोलली नाही.

१९ एप्रिल

फाटकाची कडी कुणी लावली नाही यावर घरात तीन मतं आहेत.

वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं सात पोरं पालकाच्या वाफ्यात होती. पानं खाल्ली असती तर एक वेळ चाललं असतं, यांनी उकरून मुळं वर केली, मग त्या खड्ड्यात आडवं पडून पंखांनी माती उडवत अंघोळ केली. मी ओरडत पळत गेलो तेव्हा एक जण तर अशी पसरली होती, एक पाय वर, डोळे अर्धे मिटलेले, की मला वाटलं मेली. मेली नव्हती. मजेत होती.

मातीची अंघोळ त्यांना लागतेच, पिसातले किडे त्यानेच जातात. म्हणून संध्याकाळी जुन्या टबात वाळू, कोरडी माती आणि चुलीतली राख मिसळून ठेवली. वाफ्याला आता कमरेएवढी जाळी. उरलेला पालक झाला मूठभर, त्याचं सूप केलं, चौघांत मिळून तीन वाट्या.

११ मे

पहाटे साडेचारला गळा दाबल्यासारखा आवाज. दोन मिनिटांनी परत. आई अंथरुणातूनच म्हणाली, घे, तुझ्या माद्या आरवायला लागल्या.

दोन कोंबडे आहेत, आता तुरे बघून लक्षात येतंय, लाल आणि मोठे, आणि मानेवरची पिसं लांब टोकदार. माद्यांची गोल असतात. महिनाभर मी त्या मोठ्या तांबड्याला आमची सगळ्यात तब्येतदार तलंग (अजून अंडं न घातलेली तरुण मादी) म्हणून लोकांना दाखवत होतो.

१५ जून

पाच माद्यांना दोन कोंबडे फार होतात. एकमेकांना रक्त काढेपर्यंत लढतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं गेलीत. एक ठेवायचा, एक खायचा हे मे महिन्यातच ठरलं होतं, ठरवणं सोपं होतं. शेवटी केलं. कसं केलं ते लिहीत नाही, पटकन झालं, आईने हात धरून दाखवलं.

पुढचं मात्र लिहितो कारण पुढच्या वेळी विसरेन. पिसं काढायला पाणी ६५ डिग्रीच्या आसपास, उकळतं नाही. उकळत्यात बुडवला तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. मिनिटभर बुडवून हलवायचं, पंखाचं मोठं पीस सहज सुटलं की बाहेर. आणि लगेच शिजवायचा नाही! मी लगेच घालणार होतो. मेल्यावर स्नायू ताठ होतात, तसाच शिजवला तर चपलेसारखा लागतो. एक दिवस पूर्ण फ्रिजमधे ठेवला, पाय परत सैल हलायला लागले तेव्हा काढला.

शिजवताना प्रेशर कुकर काढला नाही. मोकळ्या जागेत पळालेला पक्षी आहे, मांस लालसर आणि घट्ट. एप्रिलमधे काढून टांगलेला आपला कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, मिरी, मीठ, बुडेल एवढं पाणी, झाकण ठेवून अगदी मंद गॅसवर पावणेदोन तास. पाण्याला नुसता कंप हवा, खळखळ नको. रस्सा थंड झाल्यावर चमच्याने उचलला तर थरथरत उभा राहिला, एवढं हाडातलं जिलेटिन. पेटा आणि कलेजी वेगळी परतली. पेटा कापला तेव्हा आत बारीक खडे होते, दात नाहीत ना, दळायचं काम ते खडे करतात.

लेक जेवली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त रस्सा भाताबरोबर खाल्ला आणि म्हणाली, चांगलाय. बास, एवढंच.

१२ जुलै

अंडं!!

बावीस आठवडे आणि तीन दिवस. ठिपकीचं. गेला आठवडाभर ती खोक्यात जाऊन बसत होती, बाहेर येत होती, पेंढा इकडून तिकडे करत होती, आणि जवळ गेलं की अंग चोरून जमिनीला टेकत होती. ती खूण असते. आत मी एक लाकडी अंडं ठेवलं होतं, त्याच्या शेजारीच घातलं बरोबर.

वजन ४१ ग्रॅम. तळून चार तुकडे. पिवळा एवढा घट्ट की काट्याने टोचल्यावर सांडायला वेळ लागला. ठराव आजपासून लागू. फ्रिजमधली विकतची तीन होती ती केकमधे घालून टाकली.

२० जुलै

सकाळची अंडी दुपारी उकडली आणि पाहुण्यांसमोर सोलायला बसलो. नका करू. कवच निघताना अर्धा पांढरा घेऊन निघतं, प्लेटमधे चंद्रावरचे दगड दिसत होते. ताज्या अंड्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जातो तसा पांढरा अल्कलाइन होत जातो आणि आतल्या पापुद्र्याला धरून ठेवणं सोडतो. त्यामुळे उकडायला आठवड्याची जुनी, आणि आज घातलेली फोडून तव्यावर. तव्यावर ताज्याला तोड नाही, पसरतच नाही, उंच बसतं.

आता ट्रेवर पेन्सिलने तारीख लिहितो.

धुवायचं की नाही यावर बायकोचं आणि माझं जमत नाहीये. अंडं बाहेर येतं तेव्हा त्यावर एक पातळ थर असतो, वाळून छिद्रं बंद करतो, धुतलं की तो गेला. मग ते फ्रिजमधेच ठेवायला लागतं. स्वच्छ असेल ते न धुता, शी लागलेलं असेल ते लगेच वापरायचं आणि धुतलंच तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने, गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रातून आत ओढली जाते. तह झाला: कच्चं अंडं हाताळलं की हात साबणाने, यावर दोघांचं एकमत.

९ ऑगस्ट

पाचही जणी सुरू. गेल्या सात दिवसात २८ अंडी.

पहिल्या महिन्यात काय काय निघालं: दोन पिवळ्यांची दोन, एक पिवळाच नसलेलं लिंबाएवढं, आणि एक कवचाशिवाय, नुसता पापुद्रा, हातात घेतल्यावर पाण्याच्या फुग्यासारखं. गाडी नवीन आहे, गिअर बसतायत. खाद्य ग्रोअरवरून (वाढत्या पिल्लांचं) लेअरवर (अंडी घालणाऱ्यांचं) आणलं, ग्रोअरमधे कॅल्शियम जेमतेम १ टक्का, लेअरमधे साडेतीन ते चार. आधीपासून का नाही दिलं असं लेकीने विचारलं, तर लहान तलंगांना एवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला झेपत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलाय, जिला हवा ती खाते. आपलीच कवचंही देतो पण भाजून, चुरा करून. अख्खी टाकली तर अंडं खायचं असतं हे त्यांना कळेल, आणि एकदा कळलं की संपलं.

रोज अंडं का नाही हेही आता वहीतून दिसतंय. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. म्हणजे ठिपकी सोमवारी सातला, मंगळवारी आठला, बुधवारी साडेनऊला, असं सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस सुट्टी आणि परत सकाळपासून. मी आधी सुट्टीच्या दिवशी काळजी करायचो.

वाफ्यात काकडी, घेवडा, आणि भोपळ्याचा वेल जो कुंपण सोडून लिंबावर चढलाय. स्वयंपाक उलटा झालाय. आधी काय खायचं ते ठरवून सामान आणायचो, आता सकाळी टोपली बघायची आणि मग ठरवायचं. घेवडा आणि अंडं सलग नऊ दिवस झालं. चिरून, उकडून, ऑम्लेटमधे, टोमॅटोच्या रस्स्यात फोडून सोडलेली अंडी आणि खाली घेवडा. दहाव्या दिवशी आईने ताट सरकवून नुसती काकडी खाल्ली.

३० ऑगस्ट

फ्रीझरमधे अंडी. कवचासकट ठेवायची नाहीत, फुटतात. फोडून, हलकं फेटून, चिमूटभर मीठ (पिवळ्याचा गोठल्यावर चिकट गोळा होतो, मीठ किंवा साखर घातली की होत नाही), बर्फाच्या मोठ्या साच्यात, गोठल्यावर पिशवीत. पिशवीवर तारीख आणि मीठ की साखर ते लिहायचं. मी पहिल्या पिशवीवर लिहिलं नाही. एक खारट केक झाला.

१८ डिसेंबर

मधे लिहायचं राहिलं, काही बिघडलं नव्हतं म्हणून. दिवस लहान झाले, अंडी आठवड्याला सोळा-सतरावर आली. पहिल्या वर्षाच्या कोंबड्या थंडीत बऱ्यापैकी घालत राहतात.

वाफे मात्र जोरात. पालक, मुळा, कोबी, गाजर. मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, सगळं जाळीत जातं आणि पिवळा आता भगवा झालाय. रंग पाल्यातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्यांचा, त्यावरून पौष्टिकपणा ठरत नाही, पण त्या भगव्या रंगाचं कस्टर्ड बघून बायको म्हणाली की यात तू काही टाकलंस का. देऊ नये असं: बटाट्याची हिरवी सालं, घेवडा-राजम्याचे कच्चे वाळलेले दाणे, ॲव्होकॅडो, खारवलेलं काही.

शी काढून वाळलेल्या पानांबरोबर थरावर थर रचतोय. ताजी टाकायची नाही, नायट्रोजन एवढा की रोपं जळतात. मार्चमधे मी घाई केली होती, वांग्याची सहा रोपं कडेने तपकिरी होऊन गेली होती. शिवाय कच्चं खायच्या भाजीला ताज्या शीपासून चार महिन्यांचं अंतर हवं.

१३ मार्च (दुसरं वर्ष)

भुरी तीन दिवस खोक्यातून उठत नाही. हात घातला तर फुगून दुप्पट झाली आणि घशातून असा आवाज काढला की मी हात मागे घेतला. मला वाटलं आजारी. आई हसायलाच लागली, अरे खुडूक झालीय ती, अंडी दे तिच्याखाली.

पोटाखालची पिसं तिने स्वतः उपटलीत, अंड्याला कातडीची ऊब लागावी म्हणून. रात्री अंधारात नऊ अंडी सरकवली, पेन्सिलने खुणा करून, नाहीतर बाकीच्या येऊन तिच्याखाली घालून जातात आणि कुठलं कधीचं कळत नाही. वेगळ्या कोपऱ्यात जाळी लावून दिली. दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, एक प्रचंड दुर्गंधी शी टाकते, वीस मिनिटात परत जाग्यावर.

२१ मार्च

आठवा दिवस. अंधारात टॉर्च लावून बघितली. सहात लाल रेषांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका, लेकीने श्वास रोखून धरला होता. तीन कोरी, काढली.

३ एप्रिल

एकविसावा दिवस. काल संध्याकाळपासून भुरी वेगळंच बोलतेय, हळू, गळ्यातल्या गळ्यात, आणि कानाजवळ अंडं धरलं तर आतून उत्तर. पहिल्या अंड्याला पहाटे भोक पडलं आणि मग सात तास काही नाही. लेक रडकुंडीला, आपण सोडवू म्हणते. सोडवायचं नाही. त्या वेळात ते पोटातला पिवळा आत ओढून घेत असतं, रक्तवाहिन्या बंद होत असतात, आधी ओढलं तर रक्त येतं. दुपारी फिरत फिरत गोल कापत आलं बाहेर, ओलं आणि कुरूप. त्या पिवळ्यावर दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब पाठवता येतात.

पाच निघाली. सहाव्याला भोकच पडलं नाही. या वेळी बल्ब नाही, थर्मामीटर नाही, मी नाही. भुरी सगळं करते.

१७ मे

उकाडा. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात. आठवड्याला तेरा अंडी आणि कवचं पातळ. शिंपल्याची वाटी भरलेली असताना पातळ का, तर धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच बनवायला लागणारं कार्बोनेट त्यातूनच येतं. म्हणजे वाटी वाढवून उपयोग नाही, सावली आणि गार पाणी वाढवायचं. दोन जागी पाणी, त्यात दुपारी बर्फ, छपरावर ओलं पोतं. उरलेल्या चार महिन्यांपूर्वीच्या भोपळ्याचा शेवटचा तुकडा त्यांनाच दिला.

पाच पिल्लांत तीन कोंबडे आहेत. तुरे दिसतायत. आता मी ओळखतो.

७ सप्टेंबर

खुराड्यात कुणी उशी फाडलीय असं वाटलं. तांबडीची मान उघडी, काळीची शेपटीच नाही. पिसं झडायला लागली, वय दीड वर्ष, दिवस आखडतायत, वेळ झालीच होती. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, ते घडवायचं तर अंडं घडवायला काही उरत नाही, म्हणून अंडी बंद. खाद्य २० टक्के प्रोटीनवालं आणलं. अंगाला हात लावायचा नाही, नवीन पिसांच्या कांड्यात रक्त असतं, दुखतं.

बायको म्हणाली बल्ब लाव की, चौदा-सोळा तास उजेड मिळाला की घालतात म्हणून तूच सांगितलंस. खरंय, घालतात. पण शरीर सुट्टी मागतंय ते दिसतंय समोर. लावला नाही. अंडं हेसुद्धा हंगामी पीक आहे हे मला पन्नास वेळा वाचून कळलं नव्हतं, उघड्या मानेची तांबडी पावसात उभी बघून कळलं. ट्रे बाराही महिने भरलेला बघायची सवय झालेली असते आपल्याला.

४ ऑक्टोबर

आठवड्यात एक अंडं. भुरीचं असावं. त्याआधीचे तीन आठवडे शून्य.

फ्रीझरमधल्या पिशव्या निघाल्या, जुलैच्या. तव्यावर तळलेलं अंडं त्यातून होत नाही, पण ऑम्लेट, केक, भाजीत घालायला चालतं. चौदा क्यूब उरलेत, लेक हिशोब ठेवते. बाकी भोपळा. देठासकट काढून दहा दिवस उन्हात वाळवलेले सात आहेत कपाटाखाली. भाजलेला भोपळा, भोपळ्याचं सूप, भोपळा घालून केक (अंड्याऐवजी, जमलाय, जरा जड).

आईने आज भाजी घेताना सहज अंड्यांच्या ट्रेकडे बघितलं म्हणे. नुसतं बघितलं.

९ नोव्हेंबर

नव्या दोन तलंगांपैकी छोटी दोन दिवस दुपारी गायब असायची. मी भोक शोधत जाळीभोवती फिरत होतो. आज लेक भोपळ्याचा वाळलेला वेल ओढून काढत होती, तर बाजूच्या पानांच्या ढिगात, खोलगट केलेल्या जागी, तीन अंडी. फिकट, छोटी, एकावर रक्ताची रेघ. पाण्यात टाकून बघितली, तिन्ही तळाला आडवी.

३८, ३६, ३९ ग्रॅम. कांद्याची पात घालून एकच ऑम्लेट केलं आणि चार भाग केले. आईने तिचा भाग लेकीच्या ताटात टाकला, लेकीने परत आईच्या.

उद्या: खोक्यात नवा पेंढा, लाकडी अंडं परत ठेवायचं, आणि त्या छोटीला दोन दिवस दुपारपर्यंत आतच.